पाचरमामांची करंगळी

विमानाचं धड आणि पंख यांचं त्या कारखान्यात कधी एका बैठकीत जमलं नव्हतं. सांध्यात कुठेतरी फट राहायचीच, आणि ती भरायला पाचरमामा होते. पातळ पत्रा कानशीने घासून ते असा बसवत, की आपण फट होतो हे फटीनेही विसरावं. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणे. सख्खी भाची मात्र एकच, आणि तीच आता लेझरचं मापयंत्र घेऊन त्यांच्या मुळावर आली होती.

"दोन्ही बाजू आधीच मोजल्यात," तिने साहेबांना सांगितलं होतं. "सांधा त्याच मापाने कापलाय. पाचर लागणार नाही."

"मग मला काय, शोकेसमध्ये ठेवणार?" मामांनी विचारलं होतं. साहेब हसले होते.

आज पंख बिनफटीचा बसला, तर मामांचं टेबल उचललं जाणार होतं. नाही बसला, तर भाचीचा शब्द पडणार होता. नेमकं काय व्हावं हे मामांचं ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी खिशात एक पाचर ठेवली होती.

पंख धडापासून वीतभर अंतरावर थांबला. लेझरचा लाल ठिपका फिरला. पडद्यावरचे आकडे जुळत आले आणि एकाएकी सरकले. भाचीने यंत्र तपासलं, पंखाखालचे टेकू तपासले. साहेबांनी उगाचच दार लावून घेतलं. आकडा हटेना.

मग तिची नजर पंखाच्या टोकाकडे गेली. जोडणीआधी मामा तिथे हात टेकून उभे राहत, निघालेल्या पाहुण्याच्या गाडीला टेकावं तसे.

"मामा, हात काढ."

त्यांनी काढला. आकडा परत आला.

"आता ठेव."

गेला.

मामांनी नुसती करंगळी टेकवली. शेवटचा अंक हलला. घरापेक्षा लांब धूड, आणि त्याला करंगळी कळत होती.

"लोक म्हणतील, मामाने भाचीच्या कामात पाचर मारली," ते पुटपुटले.

"मारायची होती का?"

"खिशात आहे."

पंख आवाज न करता आत गेला. ना हातोडा, ना शिव्या. मामांनी पाचर लावून पाहिली. शिरेना. मग केसाहून बारीक मापपट्टी लावली. तीही शिरेना. बराच वेळ ते सांध्यावरून बोट फिरवत राहिले.

"काय मामा?" साहेबांनी विचारलं.

"बसलाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एरवी एवढा हळू नसे.

टेबल दुपारीच उचललं गेलं. दुसऱ्या पंखाच्या वेळी मामा हात पाठीमागे बांधून लांब उभे राहिले. श्वास तेवढा घेत होते. तो पडद्यावर दिसतो का, हे त्यांनी भाचीला दोनदा विचारलं.