चित्रफितीतली बाई

पडद्यावरच्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा सर्वांत आधी हलतो. आत वळतो, तळव्याला टेकतो, सुटतो. एका सेकंदात साधारण तीनदा. बाकीचा हात तेव्हा स्वस्थ असतो. मांडीत माठाची जुडी, शेजारी ताट. सात सेकंदांनी कोपर उचललं जातं, मान डावीकडे वळते, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलू लागतात. डोळ्यांवर काळी पट्टी टाकलेली आहे, ओळख पटू नये म्हणून. मग एक पुरुषी आवाज येतो, "बोल आई, बोल!"

"आली रे आली!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

"मॅडम, हिला विचारा ना, पेपर सोपा येईल का?"

वर्ग हसला. दर वर्षी इथेच हसतो. नम्रता अकरा वर्षं रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होती, आणि 'जाणिवेच्या बदललेल्या अवस्था' या प्रकरणाच्या चौथ्या तासाला ही चित्रफीत दाखवत होती. झोप, स्वप्नं, संमोहन झालं की अंगात येणं. दोन मिनिटं अकरा सेकंद. नंतर ती फळ्यावर चार शब्द लिहायची: ताल, गर्दी, धूप, अपेक्षा. माणसाची जाणीव कशाकशाने बदलते, ते.

समीक्षा उभी राहिली. दाभोळची मुलगी, पहिल्या बाकावर बसायची, फारशी बोलायची नाही.

"मॅडम, यातलं एकही इथे नाहीये."

"म्हणजे?"

"ढोल नाही, गर्दी नाही. मागे कुकरची शिट्टी वाजतेय. ती बाई भाजी निवडत होती. भाजी निवडताना कोणाच्या अंगात येतं?"

पुन्हा थोडं हसू. समीक्षा हसली नाही.

"माझ्या ताईचं असंच व्हायचं. तिचं ओठाच्या कोपऱ्यापासून सुरू व्हायचं, हिचं अंगठ्यापासून होतंय. ही फिट आहे मॅडम. ताईला गोळ्या सुरू केल्या, आता चार वर्षं एकदाही आली नाही. खेडला दुकानात कामाला जाते. लग्न ठरलंय, तेही आजार सांगून ठरवलंय." तिने पडद्याकडे बोट केलं. "या बाईंना कोणी डॉक्टरकडे नेलं का पुढे?"

नम्रताने पडद्याकडे पाहिलं. चित्र शेवटच्या क्षणावर गोठलेलं होतं.

"व्हिडिओ इंटरनेटवरून घेतलेला आहे," ती म्हणाली. "बाई कोण, कुठली, आपल्याला माहीत नाही."

घंटा झाली. मुलं गेली. नम्रता फळा पुसत राहिली. फळा स्वच्छ झाला तरी पुसत राहिली.

ती बाई तिची सख्खी आत्या होती. कमळा. 'बोल आई' म्हणणारा आवाज तिच्या वडिलांचा होता, आणि चित्रफीत तिने स्वतःच्या मोबाइलवर स्वतःच्या घरच्या पडवीत काढली होती.

कमळाआत्या बाविसाव्या वर्षी सासरहून परत आली. "फेफऱ्याची बाई आमच्या गळ्यात मारलीत," असं म्हणून सासऱ्याने तिला अंगणात आणून सोडलं होतं. नम्रता तेव्हा नऊ वर्षांची होती. महिन्याभरात घरातून वेगळीच बातमी गावात गेली. कमळीला आजार नाही, देवीचं वारं येतं. देवीला संसार चालत नाही म्हणून तिने तिला माहेरी आणलं. घरात लग्नाच्या मुली होत्या. फेफऱ्याच्या घरातली मुलगी कोण करून घेणार? देवीच्या घरातली मात्र कोणीही हात जोडून नेतं. तेव्हापासून दर मंगळवारी आत्याला पाटावर बसवायचे. आत्या कधी कधी पाटावर बसल्या बसल्या डोळे मिटून डोलायची, कारण लोक लांबून आलेले असत. खरं वारं यायचं ते भलत्याच वेळी. चुलीपाशी, आडाजवळ, एकदा ओढ्यावरच्या साकवावर. ती तेव्हा जे पुटपुटायची त्याचा अर्थ वडील सांगायचे. ते गेल्यावर नम्रताचा थोरला भाऊ, सदूदादा, सांगू लागला.

एम. ए.च्या पहिल्या सहामाहीतच नम्रताला कळलं होतं. पुस्तकात आत्याचं सगळं लिहिलेलं होतं. त्याला आता अठरा वर्षं झाली.

शनिवारी ती रेल्वेने खेडला उतरली आणि एसटीने गावी गेली. रविवारी ईशाला, तिच्या भाचीला, बघायला पाहुणे यायचे होते. सदूदादा पडवीत सुपारी कातरत बसला होता.

"दादा, आत्याला आता डॉक्टरला दाखवू या."

"कशाला? बरी तर हाय."

"कशाला ते तुला माहीत आहे."

दादाचा अडकित्ता थांबला नाही. "मला माहीत हाय. तुलाव माहीत हाय. तुज्या लग्नाच्या टायमाला तू बोललीस काय?"

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मंग! तुजे सासरे आत्याच्या पाया पडून गेले, तवा तू चहाचा ट्रे घेऊन हुबी व्हतीस. आता माज्या पोरीचं हाय. एकदा अक्षता पडू देत, मंग कुठं न्यायची तिकडं ने. मी सोता सोडायला येतो."

"ठीक आहे," नम्रता म्हणाली.

हे 'ठीक आहे' तिने पहिल्यांदाच म्हटलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाआधी वडिलांना म्हटलं होतं. चुलतबहिणीच्या लग्नाआधी म्हटलं होतं. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना धक्का नको म्हणूनही म्हटलं होतं. दर खेपेला कारण चांगलं होतं. लाज वाटायची ती नंतर, रत्नागिरीला परत जाताना, आणि खिडकीबाहेर बघत राहिलं की तीही हळूहळू ओसरायची. या खेपेला लाज शब्द तोंडातून निघाल्याबरोबर वाटली. कुकरची शिट्टी एका मुलीला एकदाच ऐकून कळली होती.

रविवारी दहाच्या सुमाराला पाहुणे आले. मुलगा मुंबईला नोकरीला, तो आला नव्हता. त्याने ईशाला फोनवर पाहिलं होतं, दोघांचं बोलणंही झालं होतं. त्याचे वडील कचेरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. आई मात्र आल्याआल्या घरच्यासारखी झाली. शेजारचे केरूकाका मध्यस्थ म्हणून बसले होते. घावने झाले, चहा झाला, ईशाला दोन प्रश्न विचारून झाले.

"पत्रिका आणलीय," केरूकाका म्हणाले.

"ऱ्हावद्या हो पत्रिका," मुलाची आई म्हणाली. "आमच्या धाकट्या जावेच्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळले व्हते, आता नवराबायको एकमेकांचं तोंड बघत नायत. तुमच्याकडं प्रत्यक्ष देवीचं वारं हाय म्हंतात. तिलाच विचारू की. ती हो बोलली तर आमची साखरपुड्याला आजच हरकत नाय."

दादाचा चेहरा उजळला. "असं म्हंता? अगो, पाट मांड," त्याने आत बायकोला हाक दिली. "आणि आत्याला बोलव."

आत्या स्वयंपाकघरात खवणीवर बसून नारळ खवत होती. हाक ऐकून तिचा हात थांबला.

"आज मंगळवार नाय," ती कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली.

वहिनी पाट उचलून बाहेर गेली. नम्रता दाराशी उभी होती.

"नमे, भायेर किती माणसं हायत?"

"चौघं. दादा, केरूकाका, पाहुणे नवरा-बायको."

"म्हंजे बाप्ये हायत." आत्याने खोबऱ्याचा हात पदराला पुसला. उठली नाही. "रात्री झोप लागली नाय. झोप मोडली की खरंखुरंच येतं कदी कदी. ये बाय, तुला एक विचारू? हसू नको."

"विचार ना."

"तू पोरांना ह्ये सगळं शिकवतंस ना? मंग मला सांग, देवी येते तवा बाईचं लुगडं ओलं व्हतं काय गो? सगळ्यांचंच व्हतं, का माजं एकटीचंच?"

नम्रता दारातून आत आली.

"तुज्या आयशीला एकदा इचारलं व्हतं. ती बोलली, गप ऱ्हा, देवी ऐकंल. मंग कोणाला नाय इचारलं. माणसं गेली की मी मागल्या दारी जाऊन धुवून टाकतंय. मला आपलं वाटतं, माजंच कायतरी पाप असंल. नायतर देवी एवढी माज्याकडं येते, आणि मलाच अशी कशाला घाण करून जाते?"

आत्याने हे अगदी हळू विचारलं, जणू शेजारणीकडे उसनं काही मागावं तसं. तिचे डोळे खवणीच्या पात्यावर होते.

अठरा वर्षांत नम्रताने तिचा अंगठा मोजला होता, मान किती सेकंदांनी वळते ते मोजलं होतं. शुद्धीवर आल्यावर आत्या उठून कुठे जाते, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. चित्रफीत त्याच्या आधीच संपत होती.

ती खवणीसमोर खाली बसली. "आत्या, तुझं काही पाप नाही. ती देवी नव्हेच. आजार आहे तो, मेंदूचा. त्यात होतं असं. खूप जणांना होतं. त्याला गोळ्या असतात."

"गोळ्या?"

"हो. रोजच्या रोज घ्यायच्या."

आत्या बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. हिशेब न जुळलेलं मूल बाईंकडे बघतं, तशी.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग सांगितलं नाय कवा?"

बाहेरून दादाचा आवाज आला, "आत्या, पावणे खोळंबलेत गो!" आत्या सवयीने उठायला लागली. पदर खोचला. नम्रताने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं.

"तू बस," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

पडवीत पाट मांडलेला होता, त्याभोवती वहिनीने घाईघाईत रांगोळी ओढली होती. मुलाच्या आईने डोक्यावर पदर घेऊन हात आधीच जोडले होते. ईशा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"येते ना ती?" दादाने विचारलं.

"नाही. आत्या येणार नाही."

"म्हंजे?"

वर्गात ती तास तास बोलायची. इथे पहिलं वाक्य सापडायला वेळ लागला.

"आत्याच्या अंगात देवी येत नाही," ती मुलाच्या आईकडे पाहून म्हणाली. "तिला फिट येतात. तरुणपणापासून येतात. त्यावर औषध आहे, पण आम्ही तिला कधी दिलं नाही, कारण फिटचं नाव निघालं असतं तर आमची लग्नं झाली नसती. माझंही झालं नसतं."

"नमे, गप," दादा म्हणाला. मग आवाज खाली आणून, विनवणीने, "ईशाकडं बघ जरा."

तिने ईशाकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती आत गेली नाही. दारातच उभी राहिली.

"बघितलं, दादा. आत्याही सासरहून परत आली तेव्हा एवढीच होती."

मुलाच्या वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुम्ही प्रोफेसर ना? मग इतकी वर्षं काय करत होतात?"

"तिचा व्हिडिओ वर्गात दाखवत होते," नम्रता म्हणाली. "मुलं हसायची. बाईंना डॉक्टरकडे नेलं का म्हणून एकीने विचारलं, तर बाई कोण ते माहीत नाही असं सांगितलं."

मुलाच्या आईचे जोडलेले हात सुटून मांडीवर आले. केरूकाका पत्रिकेची घडी उलगडून पुन्हा घालत होते. आत खवणीचा आवाज बंद होता. आत्या ऐकत होती, एकेक शब्द.

दादा उठून तिच्या अगदी जवळ आला. "झालं समाधान? लग्न मोडलंस पोरीचं. आता उरलेलं काय ते पण बोलून टाक."

"उद्या सकाळच्या एसटीने," नम्रता म्हणाली, आतल्या खोलीत ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, "मी आत्याला डॉक्टरकडे घेऊन जाते आहे."