शिवणाच्या खोलीतला आवाज

नणंद मदतीला यायला लागली त्या दिवसापासून कात्रीबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती.

गल्लीत सगळे त्यांना कात्रीबाईच म्हणायचे. शिवणकामात हात चालायचा, त्याहून जीभ जास्त चालायची. अर्धांगवायूचा झटका येऊन डावा हात लुळा पडला, तेव्हा याच जिभेने मदतीला आलेल्या यच्चयावत नातेवाइकांना पळवून लावलं. टिकली ती धाकटी नणंद. दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. मग आताच हिला एवढा कळवळा कुठून फुटला?

"अगं, ती सुईत दोरा ओवून देते. यात कसला आलाय डाव?" नवरा म्हणायचा.

"आज दोरा ओवतेय, उद्या अख्खं काम गिळेल. तुमचीच बहीण ती, तुम्हाला कसं दिसणार?"

त्यात दुपारी बाई आडव्या झाल्या की शिवणाच्या खोलीचं दार लोटलं जायचं आणि आत मशीन अडखळत चालायचं. विचारलं तर नणंद म्हणायची, "कुठे काय, आवराआवर." एका हाताने शिवताना कापड धरायला बाईंनी टेबलाला लावलेल्या चिमट्यांच्या जागा मात्र बदललेल्या असायच्या. ही आपली गिऱ्हाइकं फोडणार, अशी बाईंची खात्रीच पटली.

एका दुपारी त्या झोपेचं सोंग घेऊन पडल्या. मशीन सुरू झालं तशा भिंतीच्या आधाराने गेल्या आणि खांद्याने दार ढकललं.

नणंद मशीनवर बसली होती. तिने स्वतःचा डावा हात अस्तराच्या पट्टीने कमरेला घट्ट बांधला होता. चिमट्याने टेबलाला अडकवलेली कॉलर ती एकट्या उजव्या हाताने उलटवू बघत होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी नक्कल करतेस? माझ्याच घरात?"

"वहिनी, कुठे अडतं ते विचारलं की तुम्ही अंगावर येता," नणंद म्हणाली. "म्हटलं, आपणच करून बघावं. सरळ शिवण चिमट्यांवर जमते. कॉलरीचं टोक काही केल्या निघत नाही."

"मग चोरून कशाला?"

"आत्ता जे बोललात ना, ते ऐकायला लागू नये म्हणून."

बाईंची नजर खाली गेली. नणंदेच्या पायाशी चुरगळलेल्या कॉलरींचा ढीग पडला होता. त्या हळूच स्टुलावर टेकल्या.

"नाहीच निघत ते," त्या म्हणाल्या. हे त्यांनी अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "रडून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या. तिथे दुसरा हात लागतोच."

नणंद कमरेची गाठ सोडायला लागली, पण ती एका हाताने सुटेना.

"थांब. मी धरते, तू ओढ."

त्या दिवसापासून कॉलरी दोघी मिळून करायला लागल्या. एका हाताने वेणी जमत नसली तरी आपल्या केसांना मात्र बाई तिला हात लावू देत नव्हत्या. मग एका सकाळी त्यांनी आपणहून कंगवा पुढे केला.

"हळू विंचर. आणि उगाच गोड बोलू नकोस, मला शंका येते."