अंगठाबहाद्दर

“तुझा फोन पेटला की काय रे?” लंबूने वरून ओरडून विचारलं.

मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो, हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. लंबू वर, लिफ्टच्या टपावर. गेली एकोणीस वर्षं आम्ही दोघं जोडीने लिफ्ट दुरुस्त करतो. खिशात फोन एकसारखा थरथरत होता. शेवटी चिंधीला हात पुसून बाहेर काढला. त्रेसष्ट मेसेज, आणि सगळे माझ्याच नावाने शिमगा करणारे.

‘लाज वाटायला हवी.’ ‘माणूस गेलाय आणि हे अंगठा दाखवतायत!’ ‘कुठून येतात असले लोक?’ खाली एकाने लिहिलं होतं, ‘जाऊ द्या हो, अंगठाबहाद्दर आहेत ते.’ त्यावर एकवीस जणांनी दात काढलेले चेहरे टाकले होते. म्हणजे मयताच्या बातमीखाली दात काढलेले चालतात, अंगठा चालत नाही!

सगळ्यात शेवटी एक ओळ: तुम्हाला ग्रुपमधून काढलं आहे.

मी पाना असा आपटला की लंबू टपावरून वाकून बघायला लागला.

“काय झालं?”

“हाकललं मला.”

“कुठून?”

“बोलायच्या ग्रुपातून. उद्या बुधवार आहे रे. उद्या हिचा वर्ग!”

पाच महिन्यांपूर्वी माझ्या बायकोला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. जिच्या तोंडाला लागायला भाजीवालासुद्धा बिचकायचा, ती बाई भिंतीकडे बघत बसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मग हा ग्रुप सांगितला. वाचा गेलेली माणसं आणि त्यांच्या घरचे, सगळे मिळून दोनशे बारा. दर बुधवारी फोनवर व्हिडिओचा वर्ग भरतो. घरी माझ्यासमोर ओठ शिवल्यासारखी बसणारी ही, त्या वर्गात मात्र ओठ हलवायची. आवाज नाही, पण ओठ हलायचे. मला तेवढंही खूप होतं.

ग्रुप चालवतात एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. सतरा नियम आहेत. नव्या माणसाने ठरावीक नमुन्यात परिचय लिहायचा. माझा परिचय तीनदा परत आला. एकदा वय राहिलं म्हणून, एकदा ऱ्हस्वदीर्घ चुकलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा मी वैतागून तोंडी बोलून पाठवला म्हणून. बोलून पाठवायचं नाही, हा नियम नववा. बोलायला शिकवणारा ग्रुप, आणि बोलायची बंदी! जुन्या मंडळींच्या आपापसात थट्टा चालायच्या. एकाने ‘टोपी’ लिहिलं की दहा जण हसायचे. कसली टोपी म्हणून विचारलं तर उत्तर यायचं, ‘मागचे मेसेज वाचा.’ मागचे मेसेज तीन वर्षांचे होते.

एक रीत मात्र मला मनापासून आवडायची. पेशंट नवा शब्द बोलला की घरच्यांनी लिहायचं, ‘आजचा शब्द’, आणि पुढे तो शब्द. कुणाचा ‘दार’, कुणाचा ‘नको’. मग सगळा ग्रुप टाळ्या वाजवायचा. चार महिने मी लोकांच्या शब्दांना टाळ्या वाजवत होतो. आपली पाळी कधी येणार म्हणून रोज कामावर लंबूचं डोकं खात होतो.

त्या दोनशे बारांत मला माणूस म्हणून विचारलं ते एका काकांनी. ते स्वतःच पेशंट. त्यांचा फक्त डावा अंगठा चालायचा, त्यानेच टाइप करायचे. माझा परिचय तिसऱ्यांदा परत आला त्या दिवशी त्यांनी मला वेगळा मेसेज केला, ‘घाबरू नका. माझा पाचदा आला होता.’ मग काम काय करता म्हणून विचारलं. मी त्यांना आमचा अंगठा समजावून सांगितला.

आमच्या कामाच्या ग्रुपवर तक्रार येते, अमुक इमारतीत माणूस अडकलाय. जो जाणार असेल त्याने अंगठा टाकायचा. बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्यात अंगठा म्हणजे ‘छान’ नाही. अंगठा म्हणजे मी निघालो. एकदा टाकला की अंगात ताप असो नाहीतर घरात पाहुणे असोत, जावंच लागतं. सव्वीस वर्षं नोकरी झाली, आणि हा ग्रुप निघाल्यापासून अंगठा देऊन मी गेलो नाही, असं एकदाही झालेलं नाही. काकांना हे भारी आवडलं. तेव्हापासून दर बुधवारी वर्गाआधी त्यांचा मला अंगठा यायचा. म्हणजे, मी येतोय, तुम्हीही या.

आज सकाळी खड्ड्यात उतरता उतरता बाईंचा मेसेज बघितला. ‘आपले काका पहाटे गेले. दुपारी एक वाजता नेणार.’ खाली पत्ता. माझ्या हाताने जे इतकी वर्षं केलं तेच केलं. अंगठा टाकला, फोन खिशात घातला आणि हातातलं काम उरकायला लागलो.

“माफी मागून टाक ना,” लंबू म्हणाला. “वहिनींसाठी तरी.”

“कसली माफी? मी निघालो म्हणून सांगितलं, त्याची?”

“अरे, त्यांना काय ठाऊक आपला अंगठा!”

“मग विचारायचं होतं! त्रेसष्ट मेसेज लिहायला वेळ आहे, ‘का हो?’ एवढं विचारायला नाही?”

तेवढ्यात बाईंचा वेगळा मेसेज आला. लेखी क्षमापत्र द्यावे, शुद्धलेखनाच्या चुका नसाव्यात, एका महिन्यानंतर विचार होईल, तोपर्यंत आपल्या पत्नीचा वर्गातील प्रवेश स्थगित. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चूक माझी धरा, मला उन्हात उभं करा. पण हिने काय घोडं मारलंय तुमचं?

“उघडी लिफ्ट टाकून दोघांना नाही जाता येणार,” लंबू म्हणाला. “तू हो पुढे. मी बघतो इथलं.”

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली गाडी उभी, ड्रायव्हर घड्याळ बघत करवादत होता. इमारतीची लिफ्ट चार माणसांची. त्यात स्ट्रेचर आडवं मावणार नाही, हे मी दारातूनच ओळखलं. वर काकू, शेजारच्या एक बाई आणि काठी टेकत आलेले एक म्हातारे गृहस्थ. मुलगा विमानात होता, तो परस्पर स्मशानात पोचणार होता. सव्वा वाजून गेला होता.

माझ्या हातावरचं ग्रीस बघून काकू उठल्याच.

“लिफ्टवाले ना तुम्ही?”

“हो. उशीर झाला मला.”

“मी म्हटलंच होतं. तुमच्या अंगठ्याचा अर्थ यांनी सांगितला होता मला. सकाळी यांच्या फोनवर तो बघितला. ड्रायव्हरला म्हटलं, थांब बाबा, माणूस निघालाय.”

काकांचा फोन उशाशीच पडला होता. त्यांनी तो उचलला.

“ग्रुपातून आणखी कुणी येणार आहे?” मी विचारलं.

“एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी हात जोडलेत,” काकू म्हणाल्या. “यांनी तीन वर्षं त्या लोकांच्या एकेका शब्दाला टाळ्या वाजवल्या हो, एका अंगठ्याने! बारा जण तर याच भागात राहतात. जोडलेले हात घेऊन काय करू मी? उचलायला मोकळे हात लागतात.”

ड्रायव्हर, त्याचा साथीदार, दुसऱ्या मजल्यावरचा एक शेजारी आणि मी. डोक्याकडची बाजू मी घेतली. जिना अरुंद होता. प्रत्येक वळणावर मी “सावकाश, डावीकडे” म्हणत होतो. सव्वीस वर्षं माणसं वरखाली करण्यात गेली, पण इतकं जड कुणी लागलं नव्हतं. काकांचा डावा हात चादरीतून थोडा बाहेर आला होता. खाली पोचल्यावर मी तो आत घेतला.

संध्याकाळी सहाला घरी आलो. हिने उद्याच्या वर्गासाठी कपडे काढून ठेवले होते. डाव्या हाताने घडी घातलेली, वेडीवाकडी. ती बघून माझा धीरच सुटला. तरी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. अंगठा, त्रेसष्ट मेसेज, जिना, काकूंचं बोलणं. ती ऐकत होती. डोळे मोठे होत चालले होते.

“आणि हे बघ, वर त्या बाईचं काय आलंय,” मी म्हणालो आणि वाचायला लागलो. “लेखी क्षमापत्र द्यावे. शुद्धलेखनाच्या चुका नसाव्यात...”

“मेली!”

मी थांबलो. खोलीत आम्ही दोघंच होतो.

“काय म्हणालीस?”

“मेली!” ही पुन्हा म्हणाली. स्वच्छ, खणखणीत, पूर्वी भाजीवाल्याला सुनवायची त्याच आवाजात. “मेली! मेली!” डाव्या हाताने तिने खुर्चीच्या दांड्यावर बुक्की मारली. मी हसत होतो की रडत होतो, देव जाणे. दोन्ही चाललं होतं.

सवयीने फोन उचलला. ‘आजचा शब्द’ लिहायचा कुठे? तो ग्रुप तर मला बंद. आमच्या कामाच्या ग्रुपवर ‘दरवाजा लागत नाही’ आणि ‘नवीन दोर आला का’ असं काहीबाही चाललं होतं. मी त्याच्याच खाली लिहिलं, ‘आजचा शब्द: मेली.’

मग एकाने घाबरून विचारलं, ‘कोण मेली?’

त्याच्याखाली लंबूने काही लिहिलं नाही. नुसता अंगठा टाकला.

तो राहतो गावाच्या दुसऱ्या टोकाला. यायला अर्धा तास तरी लागणार. मी उठलो आणि चहाला तिघांचं पाणी ठेवलं.