गेलेल्यांची झोप

वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाकांच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मागे मुलं, सुना, जावई हात जोडून उभे, आणि मधोमध शांतिबाबा. कपडे इतके कडक इस्त्रीचे, की बसताना त्यांना त्रासच होत असावा. ते एकेका म्हाताऱ्याच्या जिभेवर चिमूटभर पूड ठेवत, आणि दिवसभर आरडाओरडा करणारं माणूस थोड्याच वेळात मान टाकून गप्प होई.

"गेलेला जीव आपली झोप मागं ठेवून जातो," बाबा सांगत. "मी ती फक्त वाटतो."

मी औषध निरीक्षक. अशा आश्रमांना औषधं पुरवणाऱ्या दुकानांचे परवाने तपासणं हे माझं काम. पण त्या दिवशी मी भाची म्हणून आले होते. मावशी रोज दुपारी काकांना हाका मारायची, आणि काका जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आता हाका थांबल्या म्हणून मावसभाऊ खूश होता. मी तिचा हात धरला. तो गार होता, आणि श्वास इतका उशिरा येत होता की मी घाबरले.

रुग्णवाहिका बोलावून मी मेट्रनबाईंना गाठलं. त्या भक्तिभावाने सांगू लागल्या. मध्यंतरी पूड संपली होती, गेलेले सध्या बोलत नाहीत असं बाबा म्हणाले होते. मग आश्रमात राहणारे हेडमास्तर वारले, आणि पूड परत आली. त्यांना यात चमत्कार दिसत होता, मला औषधांचं कपाट.

"हेडमास्तरांच्या उरलेल्या गोळ्या कुठायत?" मी विचारलं.

"शुद्धीला दिल्या. कुणी गेलं की खणातलं सगळं गाठोडं बांधून बाबांना देतो. भरल्या खणात जीव अडकतो म्हणतात."

खरं तर दुकानाच्या फार्मासिस्टने दर महिन्याला येऊन कपाटं तपासायची, गेलेल्यांची औषधं परत न्यायची आणि नष्ट करायची, अशी परवान्यातच अट असते. इथले फार्मासिस्ट उद्घाटनाला फोटो काढून गेले ते पुन्हा फिरकलेच नव्हते. त्यांची गाडी दारात खोकी टाकून जायची.

मी बाबांना झोळी उघडायला सांगितली. अविश्वासाचा हात लागला तर गेलेले कोपतात, असं ते म्हणाले. कोपू देत म्हटलं, सरकारी नोकरीत सवय होते.

झोळीत खलबत्ता निघाला, तळाशी निळसर पूड, आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटं. प्रत्येकावर दुकानाने चिकटवलेलं नाव होतं. मावसभावाने एक उचललं आणि हेडमास्तरांचं नाव मोठ्याने वाचलं, मग बाकीचीही. सगळी नावं ओळखीची होती, आणि त्यातलं एकही माणूस जिवंत नव्हतं. बाबा एका अर्थी खरंच बोलत होते. मावशीच्या रोजच्या गोळ्यांवर हेडमास्तरांची झोप चढली होती. आणखी थोडे दिवस गेले असते, तर मावशीचीही वाटली गेली असती.

बाबांना पोलिसांनी नेलं, दुकानाचा परवाना निलंबित झाला. तरी एक सूनबाई मला म्हणाल्या, "ताई, तेव्हा आमचे सासरे निदान शांत तरी होते." मला त्यांचा राग आला नाही, त्या हाका मीही ऐकल्यात. पण शांत असणं वेगळं आणि गुंगीत असणं वेगळं. आपल्या माणसाच्या जिभेवर काय ठेवतायत, ते कुठून आलं, कुणी तपासलं, एवढं विचारत चला. विचारल्यावर जो चिडतो, त्याची पूड घेऊ नका.

दवाखान्यात मावशीने डोळे उघडले ते दुपारीच, आणि लगेच काकांना हाक मारली. एरवी ती ऐकून बाहेर पळणारा मावसभाऊ या वेळी जागचा हलला नाही.

"ते नाहीत गं आई. मी आहे."

ती पलंगावर जराशी सरकली.

"मग तू तरी बस," म्हणाली.