घरचे शंभर

“शंभरातून सात वजा करा, काका,” डॉक्टर म्हणाले. “जे उरेल त्यातून पुन्हा सात. मी थांबा म्हणेपर्यंत.”

बाबांनी जन्मभर लाकूड कापलेले आपले हात टेबलावर पालथे ठेवले.

“एकाहत्तर,” ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीच्या मांडीवरची पर्स घसरली. तिने ती उचलली नाही.

“बासष्ट. त्रेपन्न.”

डॉक्टरांचं पेन कागदावर थबकलं. आई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते. आज डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले तर घरी. नाहीतर वृद्धाश्रमातली खाट तिने सांगूनच ठेवली होती. बाबांना ठाऊक नव्हतं.

“बाबा, नीट ऐका ना,” ती कशीबशी म्हणाली. “सात वजा करायचे. तुम्ही नऊ करताय.”

“सातच करतोय,” बाबा जरा दुखावून म्हणाले आणि त्यांनी हात उताणे केले.

उजव्याची पाच बोटं. डाव्याची तीन; उरलेली दोन कधीच करवतीने नेली होती.

याच बोटांवर ती मोजायला शिकली होती. आठ बोटं संपली की घरचा एक दहा. असा घरचा दहा आठ वेळा झाला की घरचे शंभर. शाळेत यावरून कान पिळला गेला, तेव्हा आई हसून म्हणाली होती, “बापलेकीचा हिशेब, जगाला काय कळणार!”

तिने घाईघाईने मनात मांडून पाहिलं. घरचे शंभर म्हणजे चौसष्ट. त्यातून सात गेले, सत्तावन्न. म्हणजे सात वेळा आठ आणि वर एक. सातावर एक, एकाहत्तर. शाळेत नवाने जे होतं ते इथे साताने होत होतं: पुढचा आकडा एकाने उतरायचा, मागचा एकाने चढायचा.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर, सगळं बरोबर आहे. ते आठांत मोजताहेत.”

तिने सांगितलं. डॉक्टरांनी कागदाच्या कडेला करून पाहिलं, खोडलं, पुन्हा केलं.

“कमाल आहे,” ते पुटपुटले. “मला कागद लागला.”

“चव्वेचाळीस,” बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “ठमे, तुझी पाळी.”

कितीतरी वर्षांत त्यांनी तिला ठमी म्हटलं नव्हतं.

“पस्तीस,” ती म्हणाली.

“सव्वीस.”

“सतरा.”

“दहा.”

“एक.”

“जिंकलीस.” बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “आता पळ. आईला सांग, वाढायला घे म्हणावं.”

डॉक्टर अजून कागदातच होते. “काकूही आल्यात का? मग बोलवा की आत. काका ठणठणीत आहेत, त्यांनाही ऐकू द्या.”

तिने बाबांकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते, खुशीत.

“बोलावते,” ती म्हणाली आणि उठली.

बाहेर बाकावर तिची छत्री तेवढी होती. ती छत्रीशेजारी बसली. दार अर्धवट उघडंच राहिलं होतं.

“वेळच लावते ती,” आतून बाबांचा आवाज आला. “वेणी घालत असेल.”

डॉक्टर हसले.