उजव्या पडद्यावरचा डाग

"ताई, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की दोष कशात होता ते कळतच नाही." कॉम्प्युटर दुरुस्त करणारा संदेश मागच्या खेपेला सांगून गेला होता, ते चैतालीच्या कानात घुमत होतं.

लोणावळ्याच्या बाजारातल्या एक्स-रे सेंटरात फोटो काढणारी ती एकटीच होती. समोर दोन मॉनिटर. डाव्यावर पेशंटची नावं, उजव्यावर छातीचा फोटो. उजवा आठवडाभर छळत होता. मधेच पांढरे ठिपके उमटायचे, रेघा थरथरायच्या. आजही ठिपके होतेच. पण त्यांच्या घोळक्यात, वरच्या फासळ्यांआड, लिंबाएवढा एक पांढरा डाग होता.

फोटो भागुमावशीचा होता. आई गेल्यावर चैतालीला आपल्या गावी, औंढ्याला नेऊन जिनं वाढवलं, तिचा.

बाहेरच्या बाकावरून खोकल्याची उबळ ऐकू आली, मागोमाग आवाज. "काय गं चैताले, तुजा टीव्ही बिगाडला का माजी छाती?"

"टीव्हीच गं मावशी. बस जरा."

बोलून गेली खरी, पण डाग टीव्हीचा की छातीतला, ते तिलाच ठाऊक नव्हतं. खोटं बोलणार नाही, हे शील ती रोज सकाळी बुद्धवंदनेत घ्यायची. शिवाय मघाशीच, मशीनपुढं उभं राहताना मावशीनं तिचा हात घट्ट धरला होता. "डाक्टर माज्या प्रदीपला बाजूला घिऊन कुजबुजंल. पोरगं लपवंल. तू तसं करू नगंस. काय दिसंल ते आदी मला सांग." चैतालीनं शब्द दिला होता.

ती टेबलामागं वाकली. मॉनिटरना चित्र पुरवणाऱ्या ग्राफिक्स कार्डातल्या दोन्ही वायरी काढून अदलाबदल करून खोचल्या. "डागही कार्डाचाच असू दे," ती पुटपुटली.

पडदे काळे झाले, उजळले. फोटो आता डावीकडे होता आणि ठिपकेही तिकडेच गेले होते. उजवा मॉनिटर लख्ख. म्हणजे दोष कार्डातच! तिला हसू फुटलं, तेवढंच. डागही त्यातलाच का, ते कळायला फोटो अजून स्वच्छ पडद्यावर ओढून बघायचा होता, आणि माउसवरचा हात हलेना.

शेवटी ओढला. ठिपके जागच्या जागी राहिले. डाग मात्र फासळ्यांबरोबर हळूहळू सरकत आला.

तो कशाचा, ते संध्याकाळी डॉक्टर सांगणार होते. तोवर 'मशीन बिघडलंय' म्हणून मावशीला गाडीत बसवून देणं सोपं होतं.

"झालं का गं?"

"झालं मावशी. आले."

तिनं फोटो डॉक्टरांना पाठवला, तोंडावर पाणी मारलं, दारावरचा पडदा सारला आणि दिसलं ते आधी मावशीला सांगायला बाकाकडे निघाली.