हळदीचं बोट

मित्रांनो, ही निळी चादर जरा बाजूला सारा, म्हणजे मी दिसेन. मी एक जुना फ्लो सायटोमीटर आहे. नाव बोजड, काम सोपं. रक्तातल्या पेशींना मी एकेक करून लेझरच्या उजेडासमोरून सोडायचो आणि कुठली पेशी कशी चमकते ते पाहून त्यांची मोजदाद करायचो.

मधुमेहावर संशोधन करणाऱ्या पाच-सहा संस्थांनी मिळून मला गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आणलं. शेजारी प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, त्यामुळे जमीन दिवसभर थरथरायची. तरी माझी मोजणी कधी चुकली नाही. जो तो आपल्या पाळीला यायचा, नमुने मोजून घ्यायचा आणि निघून जायचा. माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, हेमांगीताई. मला चालवणं, धुणं-पुसणं तिच्याकडे होतं. आल्यागेल्याला ती अभिमानाने सांगायची, की हे मशीन कधी खोटं बोलत नाही. ते ऐकून मी फुशारून जायचो. भोळा होतो.

गिरीज गावची बारा वर्षांची प्रिस्का दर दोन महिन्यांनी आईबरोबर रक्त द्यायला यायची. येताना वाडीतल्या केळ्यांची फणी आणायची. तिला लहानपणापासून मधुमेह. शरीरातल्या पहारेकरी पेशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटल्या, तर हा आजार होतो. नव्या औषधाने त्या उलटलेल्या पेशी कमी होतात का, हे मी मोजत होतो. दोन वर्षांत तिच्या रक्ताच्या अकरा नळ्या झाल्या आणि आकडा हळूहळू खाली येत होता. प्रिस्का दर वेळी तो वहीत लिहून न्यायची.

गेल्या वर्षी खंडेनवमीला हेमांगीताईने माझी पूजा केली. झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि ओल्या हळदीचं एक बोट थेट माझ्या सुईला टेकवलं, ज्या सुईने मी रक्त ओढतो तिला. मायेनेच, ते मी नाकारत नाही. पण हळद लेझरमध्ये चमकते, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. त्याच दुपारी प्रिस्काची बारावी नळी आली आणि सुईवरची हळद रक्तात उतरली. मला जे चमकताना दिसलं ते मी मोजलं. आकडा चौपट निघाला.

सगळे घाबरले. हेमांगीताईने एकटीने माझी सुई पुसली. कापूस पिवळा झाला. तिने तो हुंगला आणि हळद ओळखली. मला वाटलं, आता ती जाऊन सांगेल. तिने कापूस कचऱ्यात टाकला आणि आमचे प्रमुख परेश सर यांना म्हणाली, “सर, मशीन म्हातारं झालंय. हल्ली काहीही दाखवतं.”

मग माझ्या एकाही आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, असं ठरलं. प्रिस्काची दोन वर्षं रद्द झाली.  प्रिस्काने विचारलं, “ताई, तुम्हीच बोललेलात ना, हे कधी खोटं नाय बोलत?”

 त्याच संध्याकाळी हेमांगीताईने ही चादर माझ्यावर टाकली. परक्याने दगा दिला असता तर मला एवढं लागलं नसतं.

माझ्या जागी नवं यंत्र आलं. प्रिस्काच्या नळ्या पुन्हा एकपासून सुरू झाल्या. ती अजून येते आणि जाताना माझ्या चादरीकडे रागाने बघते. खरं काय झालं ते मला तिला सांगता येत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला कौस्तुभ नावाचा नवा सहकारी हळदीची वाटी घेऊन नव्या यंत्राकडे निघाला. हेमांगीताईने त्याचा हात धरला.

“नुसता हार घाल,” ती म्हणाली. “हळद नको लावूस.”

का, ते कुणी विचारलं नाही. ते फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

मित्रांनो, यंत्राला हार नाही घातला तरी चालेल, वेळच्या वेळी पुसत जा. आणि पुसताना कापूस पिवळा निघालाच, तर तो कचऱ्यात टाकू नका. तो घेऊन जा आणि प्रिस्काला दाखवा.